खेड्यातून देहदान: अर्ज सोपा, पहिले सहा तास अवघड

देहदानाचा अर्ज भरायला अर्धा तास लागतो आणि पैसा लागत नाही. म्हणून पुष्कळ जण तो भरतात, कार्ड पाकिटात ठेवतात, आणि शेवटी त्यांची माती गावच्या स्मशानातच होते. ज्याच्या पाकिटात कार्ड असतं, त्याला त्या दिवशी बोलता येत नाही. बोलतात ते अंगणात जमलेले सोयरे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला सेवाग्राम-सावंगी. बाबांच्या इच्छेप्रमाणे आम्ही त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. तेव्हापासून आसपासच्या गावांतली माणसं विचारायला येतात, आणि प्रत्येकाला तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. शहरातल्या माहितीपत्रकात जे असतं ते थोडक्यात आटोपतो. खेड्यात जिथं गाडं अडतं तिथं जास्त थांबतो.

१. आधी तीन दानं वेगळी करा

नेत्रदान, अवयवदान आणि देहदान ही तीन वेगवेगळी कामं आहेत. लोक सरसकट सगळ्याला ‘देहदान’ म्हणतात आणि मग घोळ होतो.

नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी होतं. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, १५-२० मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. त्यानंतर अंत्यसंस्कार नेहमीसारखे करता येतात. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, शुगर किंवा बीपी होतं, वय नव्वदीचं होतं, तरी चालतं. खेड्यासाठी सगळ्यात सोपं दान हेच.

अवयवदान म्हणजे मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसं वगैरे. हे घरी मेलेल्या माणसाचं होत नाही. मेंदू मृत झालेला, पण व्हेंटिलेटरमुळे हृदय चालू असलेला रुग्ण मोठ्या दवाखान्यात असेल तरच होतं. याबद्दल पुढं वेगळं लिहिलं आहे.

देहदान म्हणजे अख्खा देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला देणं. पहिल्या वर्षाची मुलं त्यावर शिकतात. महाराष्ट्रात याला १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाचा आधार आहे, तर अवयव आणि डोळ्यांना १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा लागू होतो.

डोळे दिल्यानंतरही देह सहसा घेतात. आतले अवयव काढलेला देह मात्र विभाग सहसा घेत नाही. म्हणून तिन्ही अर्ज भरून ठेवायला हरकत नाही. मरण कुठं आणि कसं येतं त्यावर कोणतं दान होईल हे ठरतं.

२. महाविद्यालय निवडा आणि स्वतः जाऊन या

विदर्भात पर्याय कमी नाहीत. नागपुरात आपलं ‘मेडिकल’, ‘मेयो’ आणि एम्स आहे, हिंगण्याच्या बाजूला लता मंगेशकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे. वर्धेजवळ सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी मेघेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथं शासकीय. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा, वाशिम, भंडारा आणि गडचिरोली इथंही शासकीय महाविद्यालयं सुरू झाली. आयुर्वेद महाविद्यालयांच्या रचना शारीर विभागालाही देह लागतात.

निवडताना नाव पाहू नका, रस्ता पाहा. मे महिन्यातल्या दुपारी आणि ऑगस्टमधल्या पुराच्या रात्री, दोन्ही वेळा जिथं पोहोचता येईल ते महाविद्यालय चांगलं. आमच्याकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एक बाजू बंद होते. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंची माहिती काढून ठेवली होती.

धारणीच्या आतल्या गावांतून किंवा भामरागडकडून कुणी विचारलं तर मी खोटी आशा दाखवत नाही. मृत्यू घरी झाला तर तिथून वेळेत पोहोचणं अवघड आहे. पण उपचारासाठी माणूस अमरावतीला किंवा गडचिरोलीला भरती असेल आणि तिथंच गेला, तर देहदान सहज होऊ शकतं. अर्ज भरून ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा.

अर्जासाठी कुणाच्या तरी हाती कागद पाठवू नका. घरातला जो माणूस त्या दिवशी धावपळ करणार आहे त्याला सोबत घेऊन विभागात जा आणि तिथं हे विचारा:

– रात्री, रविवारी, दिवाळीत देह आणला तर कोण घेणार? विभाग बंद असेल तर शवागारात ठेवतात का? त्या वेळचा फोन कोणता?
– मृत्यूनंतर किती तासांच्या आत आणावा लागतो?
– डॉक्टरचं प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं चालतं?
– गाडी तुम्ही पाठवता का, की आम्ही आणायची?
– घरी मृत्यू झाला तर पोलीस पाटलांचा किंवा पोलीस ठाण्याचा कागद लागतो का?

उत्तरं प्रत्येक ठिकाणी वेगळी मिळतात. पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एका महाविद्यालयाचा कार्डावर छापलेला फोन रविवारी वाजून वाजून बंद पडतो, हे आम्ही आधीच करून पाहिलं होतं. म्हणून त्यांच्या अपघात विभागाचा नंबर वेगळा घेतला. तुम्हीही कार्डावरचा नंबर एखाद्या सुटीच्या दिवशी लावून बघा.

३. अर्ज

वय १८ पूर्ण हवं. अर्ज विभागात फुकट मिळतो. सोबत घेऊन जा:

– आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो
– दोन साक्षीदार, त्यातला एक जवळचा नातेवाईक, दोघांच्या आधारच्या झेरॉक्स
– घरातल्या दोन-तीन जणांचे चालू मोबाईल नंबर

काही ठिकाणी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र मागतात, काही ठिकाणी साधा अर्ज पुरतो. विचारल्याशिवाय तहसीलसमोरच्या टंकलेखकाकडे जाऊन पैसे घालवू नका. ‘देहदान नोंदणी फी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून उठून या. उलट, देह दिल्याबद्दल घरच्यांना काही रक्कम मिळते अशीही अफवा असते. तसं काही मिळत नाही, आणि अवयवांची खरेदी-विक्री हा तर तुरुंगात नेणारा गुन्हा आहे.

अवयव आणि डोळ्यांची प्रतिज्ञा राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या म्हणजे ‘नोटो’च्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने करता येते. त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४७७०. गावातल्या सेतू केंद्रात पोरं हे दहा मिनिटांत करून देतात.

मन बदललं तर अर्ज रद्द करता येतो. आणि एका महाविद्यालयात अर्ज भरला म्हणून तिथंच देह न्यावा लागतो असं नाही. आई पुण्याला लेकीकडे असताना गेली तर पुण्यातल्या जवळच्या महाविद्यालयाला विचारायचं. वारसांची संमती असली की सहसा अडचण येत नाही. अर्ज न भरता गेलेल्या माणसाचा देहसुद्धा घरचे देऊ शकतात.

४. घर, भावकी आणि गाव

कागदावर तुमची सही असली तरी त्या दिवशी घरच्यांच्या संमतीशिवाय कुणी देह नेत नाही. एक भाऊ जरी आडवा पडला तरी महाविद्यालय मागे सरतं, आणि त्यांचं बरोबरच आहे. मयतीच्या घरात भांडणात पडायला त्यांना वेळ नसतो. तेव्हा खरं काम अर्जानंतर सुरू होतं.

बोलायचं कुणाशी? बायको किंवा नवरा, सगळी मुलं, सगळ्या मुली. मुलींना विसरू नका. आपल्याकडे लेक सासरी असते, तिला कुणी विचारत नाही, आणि मग ती येते ती थेट मयतीलाच. बापाला गाडीत घालून भलतीकडे नेताहेत हे तिला तिथं अंगणात कळलं तर ती रडून रस्ता अडवणार. तिला आधीच, नीट बसून, बापानेच सांगायला हवं. आमच्या बाबांनी हे काम पोळ्याला सगळे घरी असताना केलं. जेवणं झाल्यावर विषय काढला. आई दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, “कराचं तं करा, पण माह्या समोरून रात्री नेऊ नका.” ही अट आम्ही कागदावर लिहून घेतली.

त्यानंतर भावकीतला तो एक माणूस शोधा ज्याचं सगळे ऐकतात. प्रत्येक गावात असतो. कुणाकडे तो म्हातारा काका असतो, कुणाकडे गुरुदेव सेवा मंडळाचा भजनी, कुणाकडे निवृत्त मास्तर. तो बाजूने असला तर बाकीचे गप्प बसतात.

लोक काय म्हणतात ते आधीच ऐकून ठेवा, म्हणजे त्या दिवशी धक्का बसणार नाही.

“काहून गा, लाकडाले पैसे नव्हते काय?” हा टोमणा सगळ्यांत आधी येतो. गरिबाच्या घरी तो फार लागतो. उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. अर्जावरची तारीख दाखवा, म्हाताऱ्याने स्वतः कधी सही केली ते दिसतं.

“डोये काढले तं पुढच्या जन्मी आंधया येईन.” यावर वाद घालून कुणी जिंकल्याचं मी पाहिलं नाही. मी एवढंच विचारतो, की जाळल्यावर डोळे कुठं राहतात? काही हसतात, काही चिडतात.

“बुढ्याले चिरून टाकतीन.” याचं खरं उत्तर द्यावं. हो, चिरतात. त्यासाठीच देतो आपण. देहाला फॉर्मालिनचं द्रावण देऊन टिकवतात. पहिल्या वर्षाची मुलं त्यावर स्नायू, नसा, सांधे ओळखायला शिकतात. अनेक महाविद्यालयांत शिकायला सुरुवात करण्याआधी मुलं देहासमोर उभी राहून आदराने वागण्याची शपथ घेतात. आपल्या पीएचसीत येणारा डॉक्टर कधीतरी अशाच कुणाच्या देहावर शिकून आलेला असतो.

“हे त्या पार्टीवाल्यायचं काम हाय.” हेही ऐकलं. त्यांना सांगा, चित्रकूटचे नानाजी देशमुख २०१० मध्ये गेले, त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला. २०२४ मध्ये सीताराम येचुरी गेले, त्यांचाही देह त्याच एम्सला दिला. एक संघाचे, दुसरे कम्युनिस्ट. आता पार्टी कोणती ते तुम्हीच ठरवा.

विधींचं काय, हा प्रश्न मात्र टोमणा नसून खरा आहे, आणि तो बहुतेक बायकाच विचारतात. आंघोळ घालणं, हळद-कुंकू, फुलं, भजन, बुद्धवंदना, जे तुमच्यात असेल ते घरी करता येतं. खांदा द्यायचा असेल तर वेशीपर्यंत द्या, तिथून गाडीत ठेवा. फक्त तोंडात काही भरू नका आणि तेला-तुपात देह माखू नका. राख मिळणार नाही, त्यामुळे राख सावडणं होत नाही. काही घरं केसाची बट काढून ठेवतात आणि तीच नदीत सोडतात. तेरवी नेहमीसारखी करता येते. आम्ही केली, जेवणाचा पसारा मात्र कमी केला. वास्तविक तोही पसारा बाबांना नकोच होता, पण सगळ्याच गोष्टींत गावाशी भांडता येत नाही.

५. डॉक्टरचा कागद कोण देणार?

शहरात माणूस दवाखान्यात जातो आणि कागद आपोआप मिळतो. खेड्यात म्हातारा पहाटे खाटेवर गेलेला सापडतो. ‘नैसर्गिक मृत्यू, कारण अमुक’ असं वैद्यकीय प्रमाणपत्र नसेल तर महाविद्यालय देह दारातच नाकारतं. गावात सलाईन लावणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर हे होत नाही, नोंदणीकृत डॉक्टर लागतो.

दोन वाटा आहेत. घरातलं म्हातारं माणूस ज्या डॉक्टरकडे नेहमी दाखवतं, त्यालाच आधी सांगून ठेवायचं: “डॉक्टरसाहेब, बाबांचं देहदान ठरलंय, वेळ आली तर याल का?” ज्याने आजार पाहिला आहे तो कारण लिहायला कचरत नाही. दुसरी वाट प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. त्यांनाही एकदा भेटून या. आशाताईला सोबत न्या, तिचं तिथं चालतं. जुन्या तपासण्यांची फाईल एका पिशवीत ठेवा. बीपी-शुगरच्या नोंदी, ईसीजी, भरती झाल्याचा डिस्चार्ज कागद. अनोळखी डॉक्टरला मृत्यूचं कारण लिहायला त्याचा आधार होतो.

६. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद

कार्ड पाकिटात ठेवण्यापेक्षा एक कागद मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवा. त्यावर हवं: नेत्रपेढीचा फोन, महाविद्यालयाचा दिवसाचा आणि रात्रीचा फोन, डॉक्टरचा, गाडीवाल्याचा, शवपेटी भाड्याने देणाऱ्याचा. सोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत अर्जाची प्रत, आधार आणि झेरॉक्स. आमच्या घरी तो कागद गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी होता. पाहुणे दचकत, पण त्या दिवशी शोधाशोध झाली नाही.

गाडीचं पक्कं करा. १०८ ची रुग्णवाहिका रुग्णासाठी असते, देह नेण्यासाठी ती मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणी शववाहिका असते, नगर परिषदेची किंवा एखाद्या संस्थेची. नसेल तर गावातला पिकअपवाला आधीच विचारून ठेवा. काही जण मयत न्यायला नाही म्हणतात, तेव्हा हो म्हणणारा कोण हे माहीत असावं.

७. तो दिवस

क्रम असा.

पहिलं, डॉक्टरला बोलावणं. मृत्यू झाल्याचं त्याने सांगितल्यावर वेळ लिहून ठेवा. पुढचे सगळे तास त्या वेळेपासून मोजतात.

दुसरं, नेत्रपेढीला फोन. बाकी सोयऱ्यांना फोन करण्याआधी. त्यांना गावाचं नाव, कोणत्या फाट्यावरून वळायचं, आणि फाट्यावर दुचाकी घेऊन कोण उभा असेल ते सांगा. गूगलचा नकाशा आमच्याकडे पांदणीत नेऊन सोडतो.

तिसरं, डोळ्यांची काळजी. पापण्या नीट मिटवा. त्यावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, सुकले की पुन्हा ओले करा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवा. पंखा बंद करा. ही शेवटची गोष्ट कुणी ऐकत नाही, कारण उन्हाळ्यात पन्नास माणसं घरात असतात. त्यांना ओसरीत बसवा. वाऱ्याने बुब्बुळ सुकतं आणि दान वाया जातं.

नेत्रपेढीचे लोक घरच्या माणसाची संमतीची सही घेतात आणि थोडं रक्तही घेतात, कावीळ-एचआयव्ही तपासायला. नागपुरात त्वचापेढीही आहे. भाजलेल्या रुग्णांना ती त्वचा लावतात. नागपूरजवळचे असाल तर त्याच वेळी विचारा.

चौथं, महाविद्यालयाला फोन. “आम्ही निघतोय” म्हणण्याआधी “घेणार ना?” असं स्पष्ट विचारा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

पाचवं, थंडावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या घरात देह दुपारपर्यंतही धरत नाही. देह फुगायला लागला की विभाग घेत नाही. भाड्याची शवपेटी वेळेत येणार असेल तर उत्तम, नसेल तर बर्फाच्या लाद्या. रसवंतीवाला किंवा मासळीवाला, ज्याच्याकडे बर्फ असतो त्याचा नंबर दारावरच्या कागदावर हवा. बर्फ पोत्यात गुंडाळून बाजूंना लावा.

आणि आता अवघड गोष्ट: कुणाची किती वाट पाहायची. मुलगा पुण्याहून निघाला आहे, लेक चंद्रपूरहून. “मुखदर्शन तं होऊ द्या” असं सगळे म्हणतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण पुण्याहून राळेगाव म्हणजे अख्खी रात्र. हा निर्णय त्या वेळी घेऊच नका, आधी घेऊन ठेवा. आमचं असं ठरलं होतं, की जो वाटेत असेल त्याने घरी न येता सरळ महाविद्यालयात यावं आणि तिथं दर्शन घ्यावं. तिथल्या लोकांना विनंती केली की सहसा थोडा वेळ देतात. एकदा देहाला द्रावण देऊन आत नेला की मग दाखवत नाहीत.

निघताना गाडीत देहाबरोबर जवळचा वारस हवाच, कारण संमतीपत्रावर त्याची सही लागते. सोबत घ्या:

– डॉक्टरचं मृत्यूचं वैद्यकीय प्रमाणपत्र, मूळ आणि दोन झेरॉक्स
– देहदान अर्जाची प्रत किंवा कार्ड
– मृताचं आणि सही करणाऱ्याचं आधार
– बाकी वारसांची ‘हरकत नाही’ अशी सही
– महाविद्यालयाने आधी सांगितलं असेल तर पोलीस पाटलांचा दाखला
– नेत्रदान झालं असेल तर नेत्रपेढीचा कागद

अंगावरचे दागिने, जोडवी, मंगळसूत्र घरीच काढा. ट्रॅक्टर भरून माणसं नेऊ नका, आठ-दहा पुरेत.

८. देह केव्हा घेत नाहीत

शवविच्छेदन झालेला, अपघाताचा, आत्महत्येचा, खुनाचा, बुडालेला, जळालेला देह घेत नाहीत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, चालू क्षयरोग असेल तरी नाही. फार उशीर झाला, देह खराब झाला, तरी नाही.

आपल्या भागात साप चावून आणि वीज पडून माणसं जातात. उन्हाळ्यात उष्माघातानेही. फवारणी करताना विषबाधा होते. या सगळ्यांत पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन येतं, आणि देहदान तिथंच संपतं. ‘बाबांची शेवटची इच्छा होती’ म्हणून शवविच्छेदन टाळायचा प्रयत्न कुणी करू नका. ते कायद्याने चालत नाही, शिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेच्या प्रस्तावाला शवविच्छेदनाचा अहवाल आणि पंचनामा जोडावा लागतो. तो नसेल तर विधवा बाई वर्षभर कृषी कार्यालयाच्या पायऱ्या चढत बसते. अशा वेळीही पोलिसांनी हरकत घेतली नाही तर डोळे देता येऊ शकतात. ग्रामीण रुग्णालयातच तसं विचारा.

देह नाकारला तर? गाडी परत गावी आणायची आणि नेहमीसारखा अंत्यविधी करायचा. त्यात अपमान वाटून घेऊ नका. पण ही शक्यता घरच्यांना आधी सांगितलेली हवी आणि सरणाचं कोण बघेल हेही ठरलेलं हवं.

९. माणूस व्हेंटिलेटरवर असेल तर

दुचाकीचा अपघात, डोक्याला मार, रुग्ण नागपूरला आयसीयूत, आणि डॉक्टर म्हणतात ‘मेंदू मृत झालाय’. यात घरचे सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं. हे कोमापेक्षा वेगळं आहे. कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदू मृत झालेला येत नाही. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा तपासतं, दोन तपासण्यांत किमान ६ तासांचं अंतर ठेवून. दुसरी तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि ती झाल्याचा कागद बघायला मागा. तो तुमचा हक्क आहे.

अवयव कुणाला जायचे हे तो दवाखाना स्वतःच्या मर्जीने ठरवत नाही. विदर्भासाठी नागपूरला विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, तिथल्या प्रतीक्षायादीप्रमाणे ते ठरतं. हृदय ४ ते ६ तासच टिकतं, म्हणून पोलीस रस्ता मोकळा करून देतात. मूत्रपिंडाला त्याहून बराच जास्त वेळ मिळतो. संमती दिल्यानंतर अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च तुमच्या बिलात यायला नको, बिल हाती आलं की तारखा तपासा. अपघात असल्यामुळे शवविच्छेदन होतंच, ते त्याच वेळी जुळवून घेतात. त्यानंतर देह तुमच्या ताब्यात देतात, टाके घालून, नीट गुंडाळून. अंत्यसंस्कार गावीच करता येतात.

१०. नंतरचे कागद

देह दिल्यावर महाविद्यालयाकडून स्वीकारल्याची पावती तिथंच मागून घ्या. सजवलेलं प्रमाणपत्र नंतर टपालाने येतं किंवा कार्यक्रमात देतात, ते भिंतीला लावायला ठीक आहे. कामाला येते ती पावती.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, मृत्यू जिथं झाला तिथं करायची असते. घरी झाला तर ग्रामपंचायतीत, नागपूरच्या दवाखान्यात झाला तर नागपूर महानगरपालिकेत. ग्रामपंचायतीत कधी कधी विचारतात, “जाळलं कुठं?” त्यांच्या डोक्यात स्मशानाची नोंद पक्की बसलेली असते. पावती आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र पुढं ठेवा, काम होतं. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहून घ्या आणि सातबाऱ्यावरचं नावही ताडून बघा. आपल्याकडे आधारवर ‘नारायण’ आणि सातबाऱ्यावर ‘नारायन’ असतं, आणि त्या एका अक्षरापायी वारसाची नोंद तलाठ्याकडे अडून राहते.

मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. बँक, एलआयसी, सोसायटीचं पीककर्ज, वारस फेरफार, रेशनकार्ड, निराधारचं मानधन बंद करणं, प्रत्येक ठिकाणी एक लागते. देहदानाची पावती मात्र मूळ कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि पिशवीत परत ठेवा.